एकही खाडा नाही

तारीख एकोणीस. सकाळी सात : तीन दहा. दुपारी एक : तीन पाच. संध्याकाळी सहा : तीन शून्य. पडद्यावर उघडलेल्या त्या जुन्या पानाकडे बघता बघता तिनं हातातला चहाचा कप टेबलावर ठेवायचा तो कीबोर्डवर ठेवला. चहा सांडला नाही, पण शेजारच्या तक्त्यात सातांची एक लांबलचक रांग उमटत गेली, सातापुढे सात, सातापुढे सात, आणि ती रांग चौकटीबाहेर गेली तरी कप उचलायचं तिला सुचलं नाही. समोरच्या टेबलावरच्या बाईनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. उद्या अहवाल द्यायचा म्हटल्यावर आज मजल्यावरचं प्रत्येकच माणूस थोडंफार बावचळलेलं होतं.

काम तसं हमालीचंच होतं. विद्यापीठाच्या हवामान केंद्रानं खालच्या खोऱ्यासाठी आराखडा केला होता : येत्या तीस वर्षांत नदी कुठवर चढेल, कुठं घरं बांधू नयेत, शाळा कुठं हलवावी, दवाखान्याचं जोतं किती उंच घ्यावं. चारशे पानं झाली होती आणि उद्या सकाळी दहाला ती सरकारच्या हाती द्यायची होती. शेवटी जोडपत्र, त्यात नदीच्या घाटावरच्या पाणीपातळीच्या मूळ नोंदी, मीटर आणि सेंटिमीटरमध्ये. जुन्या वह्यांची छायाचित्रं गेल्याच महिन्यात आली होती. दहा पानांमागे एक पान उघडायचं आणि वहीतला आकडा नि संगणकातला आकडा जुळतो का ते बघायचं. कुणाही विद्यार्थ्याच्या गळ्यात मारता आलं असतं. पण या घाटाच्या वह्या तिनं स्वतःकडे ठेवल्या होत्या, कारण अक्षर बाबांचं होतं; घाटावर पाणी वाचायची नोकरी त्यांची. गोल, टपोरं, सातच्या पोटात आडवी रेघ असलेलं. हे आकडे ती वीस वर्षं कोळून प्यायली होती, पण आकडेच. वह्या कुठल्याशा तळघरात पडून होत्या. अक्षर दिसलं तसं तिला आधी बरं वाटलं होतं. तीन-चार पानं तर तिनं काही न तपासता नुसतीच पाहिली होती.

आणि मग एकोणीस तारीख आली. त्या दिवशी आई गेली होती. ती आठ वर्षांची होती. पहाटेच कचेरीची जीप येऊन तिघांना दीड तासावरच्या दवाखान्यात घेऊन गेली होती, आणि दिवसभर ती बाबांच्या शेजारी एका हिरव्या बाकावर बसून होती. बाकाचा एक पाय आखूड होता. बाबा हलले की बाक हलायचा, म्हणून तिला नीट माहीत होतं की बाबा फारसे हललेच नाहीत. एकदा पाणी आणायला गेले, एकदा डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा आत गेले. दोघं घरी परतले ते दिवेलागण होऊन गेल्यावर. मग सकाळी सातला घाटाच्या पायऱ्या उतरून पाणी कुणी वाचलं? दुपारी एकला कुणी? पाणी मात्र वहीत अगदी शहाण्यासारखं पाच-पाच सेंटिमीटरनं उतरलं होतं.

तिनं कप उचलला. सात पुसले. एक दिवस, असं तिनं स्वतःला सांगितलं, फक्त एक दिवस. ज्याची बायको गेली त्या माणसानं चार दिवसांनी वही उघडून तीन रिकामी घरं भरली, यात काय मोठं? पंचेचाळीस वर्षांच्या नोंदीत तीन आकडे. तिनं वीस तारीख उघडली. एकवीस. बावीस. दोन पंच्याण्णव, दोन नव्वद, दोन पंच्याऐंशी. मग पुढचा महिना, मग पुढचं वर्ष. एकदाही पाणी सकाळी उतरून दुपारी चढलं नव्हतं, एकदाही शेवटचा आकडा सात किंवा तीन आला नव्हता, नुसती शून्यं आणि पाच. मग ती मागे गेली, आदल्या महिन्यात, आणि तिथं नदी जिवंत होती : दोन सदतीस, दोन एकेचाळीस, दोन बत्तीस. हा फरक तिनं आज प्रथम पाहिला असता तर एक गोष्ट. पण हा फरक तिला वीस वर्षं माहीत होता. या फरकावर तर ती उभी होती.

कारण ‘शांत दशक’ हा तिचा शोध होता. तरुणपणी लिहिलेल्या प्रबंधात तिनं दाखवून दिलं होतं की अमुक वर्षी, अमुक महिन्यात या नदीचा स्वभावच बदलला. पुढली अकरा वर्षं ती शांत वाहिली. आणि घाटावर स्वयंचलित यंत्र बसलं त्या सुमाराला पुन्हा उसळली. शांत का झाली? तर वरच्या अंगाला धरणाचे दरवाजे उघडायची पद्धत बदलली, वाऱ्यांचं चक्र बदललं, शिवाय दोन ओढ्यांचा संगम सरकला. वरच्या बाजूच्या दुसऱ्या घाटावर अशी शांतता दिसत नव्हती, पण त्यालाही तिच्यापाशी कारण होतं. हुशार माणसाला कारण सापडतंच, तिला तर तीन सापडली होती. परिषदांमधून लोक तिला ‘शांत दशकवाली’ म्हणून ओळखायचे. आणि आता आराखड्यात तेच गणित बसलं होतं : या नदीला अधूनमधून शांत दशक येतं, तसं पुढलंही येईल, म्हणून पूररेषा एवढी खाली धरली तरी चालेल आणि तयारीला वेळ आहे. महिना तोच होता. आई गेली तो. नदीचा स्वभाव ज्या महिन्यात बदलला त्या महिन्यात आपल्या घरी काय झालं होतं, हे तिनं वीस वर्षांत एकदाही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. कामाच्या तारखा एका खणात, घरच्या दुसऱ्या.

तिला बसवेना. ती उठून खिडकीशी गेली, तिथून पाण्याच्या कूलरपाशी, तिथून जिन्यात. जिन्याच्या वळणावर उभं राहिल्यावर तिला आवाज आठवला. बाबांचा नाही, आईचा. खालून, पाण्यापासून येणारा, जरा किनरा, लांबवलेला : “दोन सदतीऽस!” आणि वरून, क्वार्टरच्या ओट्यावरून बाबांचा : “दोन सदतीस!” मग खालून : “लिहिलं?” आणि वरून : “लिहिलं!” दिवसातून तीनदा. नदी मोजायची पांढरी पट्टी, तीवर काळ्या रेघा आणि तांबडे आकडे, बेचाळीस पायऱ्यांच्या कडेनं तळापर्यंत गेलेली. आई पदर खोचून उतरायची, ती वरच्या पायरीवर बसून पाय हलवायची, आणि बाबा ओट्यावर मांडी घालून, मांडीवर वही, कानाला पेन. सगळ्यांच्या घरी असंच असतं असं तिला वाटायचं. आई आकडा सांगते, बाबा लिहितात. शाळेत बाईंनी पाढे म्हणायला सांगितले की ती म्हणून झाल्यावर विचारायची, “लिहिलं?” वर्ग हसायचा.

बाबा पाण्याला भ्यायचे. ही काही गुप्त गोष्ट नव्हती. आत्या तर प्रत्येक लग्नकार्यात सांगायची, लहानपणी विहिरीत पडलेला, तेव्हापासून बादलीत पाय घालायलाही याला सोबत लागते, आणि नोकरी बघा काय पत्करली. बाबा म्हणायचे, अर्जात विचारलं नव्हतं. सगळे हसायचे, तीही. हसण्यापलीकडे त्या गोष्टीचा कधी विचार करावा लागतो असं तिला वाटलं नव्हतं. आई गेल्यावर आकड्यांच्या आरोळ्या बंद झाल्या. त्याला तिनं घरातली शांतता म्हटलं, नदीतली वेगळी. बाबा खिडकीशी बसायचे, वही मांडीवर, बाहेर बघत. खिडकीतून नदी दिसायची, पट्टी दिसत नसे. जिन्यात उभं राहून तिनं हे स्वतःशी मोठ्यानं म्हटलं, खिडकीतून पट्टी दिसत नसे, आणि वर येणाऱ्या कारकुनानं विचारलं, “मला काही म्हणालात का?”

सरांच्या खोलीत ती गेली ती काय बोलायचं हे न ठरवता. सर केंद्राचे प्रमुख, निवृत्तीला सहा महिने उरलेले, टेबलावर अहवालाच्या बांधून आलेल्या पाच प्रती. एका प्रतीवरून ते हात फिरवत होते.

“सर, घाटाच्या नोंदीबद्दल जरा शंका आहे,” ती म्हणाली.

“कुठल्या घाटाच्या?”

“खालच्या. मधल्या अकरा वर्षांबद्दल.”

सरांनी चष्मा काढला. “अगं, ते तर तुझ्या वडिलांचं स्टेशन. तुला सांगतो, अख्ख्या खोऱ्यात अशी नोंद नाही. वीस वर्षांत एकही खाडा नाही! बाकीच्यांच्या वह्या बघ, कुठं लग्नाला गेले म्हणून आठवडा कोरा, कुठं ताप आला म्हणून कोरा. आणि तुला त्यांच्याच नोंदीची शंका?”

“खाडा नाही, तीच शंका आहे,” ती म्हणाली, पण इतक्या हळू की सरांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल.

“उद्या दहाला द्यायचंय,” ते म्हणाले. “आज परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांना होतं तसं तुला होतंय. शंका लिहून ठेव, पुढच्या आवृत्तीत घेऊ. पाच वर्षांनी सुधारित आराखडा निघणारच आहे. आणि हे बघ,” त्यांचा आवाज मऊ झाला, “अकरा वर्षं काढून टाकायची म्हणजे कारण द्यावं लागतं. काय कारण देणार आहेस?”

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला शिकवलं होतं, ‘शांत दशका’वर शेकडो वेळा तिच्या बाजूनं भांडले होते. तिला त्यांचा राग यायला हवा होता, म्हणजे सोपं झालं असतं. तो आला नाही. ती म्हणाली, बघते, आणि डोकं दुखतंय असं सांगून तीन वाजताच बाहेर पडली.

बसमध्ये जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. ऊन काचेतून येत होतं आणि शहर नेहमीसारखं स्वतःच्या घाईत होतं. फुटपाथवर खणून ठेवलेलं, खांबांना फलक लटकवलेलं. तेवढ्यात फोन वाजला. खालच्या वस्तीतली शिलाईवाली. नदीपासून तिसरी गल्ली, दोन मशीनं, तीन मुली हाताखाली. गावसभेत सगळे बोलून दमल्यावर हीच उभी राहिली होती आणि म्हणाली होती, बाई, ते तुमचे रंगीत नकाशे राहू द्या, तुमची रेघ माझ्या मशीनच्या वर का खाली एवढंच सांगा. आणि तिनं दोन महिन्यांपूर्वी, आकडे बघून, छातीठोकपणे सांगितलं होतं : खाली.

“बाई, एक विचारायचं होतं,” शिलाईवाली म्हणाली. मागे मशीनचा आवाज चालूच होता. “उद्यापासून गवंडी येतोय. मागची खोली काढून मोठं दुकान करतेय, आणखी चार मशीनं घेणार. जोतं आहे तेवढंच ठेवतेय. तुम्ही म्हणाला होतात ना खाली, म्हणून.”

बस थांबली, सुटली. कुणीतरी तिच्या पायावर पाय दिला.

“ऐकू येतंय ना बाई?”

“दोन दिवस थांबा,” ती म्हणाली.

मशीनचा आवाज थांबला. “का हो? काय झालं?”

“काही नाही. एक आकडा परत तपासतेय. गवंड्याला दोन दिवसांनी बोलवा.”

“तुम्ही म्हणताय तर थांबते,” शिलाईवाली जरा वेळानं म्हणाली. “पण वर असेल तर वर म्हणून सांगा हं. मला वाईट वाटेल म्हणून खाली सांगू नका. पाणी माझ्या वाटण्याकडे बघून यायचं नाही.”

दोन थांबे आधीच ती उतरली आणि चालत सुटली. आपण काही ठरवलेलं नाही, असं ती स्वतःला बजावत होती, नुसतं थांबा म्हणालो. पण डोक्यात दुसराच आकडा घुमायला लागला होता. सहा पंच्याऐंशी. आई आजारी पडायच्या आधी, त्याच महिन्याच्या अकरा तारखेला, वहीत लिहिलेला. सबंध नोंदीतला सर्वांत मोठा. आणि प्रबंधात तिनं तो वगळला होता. पुढं सगळी शांत वर्षं, आणि त्यांच्या तोंडाशीच हा एक उंट. तिनं तळटीप दिली होती : नोंद करताना चूक झाली असावी. परीक्षकांनी त्या तळटिपेचं कौतुक केलं होतं, आंधळेपणानं आकडे घेत नाही म्हणून. पुढं हे चूक ठरवणं चारशे पानांच्या आराखड्यातही आलं, आता कुणाला त्याचं मूळही आठवत नव्हतं. एका औषधाच्या दुकानासमोर ती थांबली. तिला एकदम आठवलं की त्या दिवसांत आरोळ्या तीनदा नव्हत्या, दर तासाला होत्या. पूर आला की दर तासाला वाचायचं, असा नियम. आई भिजून वर यायची, पदर पिळायची आणि पुन्हा उतरायची; पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या आणि आरोळी दर वेळी जवळून यायची. मग खोकला. मग जीप. तिला आईचा चेहरा त्या आठवणीत नीट दिसेना, फक्त पिळलेल्या पदराचं पाणी ओट्यावर, आणि ओट्यावर कोरडे बसलेले बाबा. तिला बाबांचा इतका राग आला की दुकानदारानं काय हवं म्हणून विचारलं तेव्हा तिनं नको असलेली डोकेदुखीची गोळी विकत घेतली.

घरी बाबा खिडकीशीच होते. पाचवा मजला, समोर दुसरी इमारत, बघण्यासारखं काही नाही, तरी खुर्ची तिथंच हवी. अठ्ठ्याहत्तर पूर्ण, डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्यानं मर्जीप्रमाणे. रोज सकाळी ते विचारायचे, आज नदी किती, आणि ती मोबाइलवर यंत्राचा आकडा बघून सांगायची, आणि ते नुसती मान हलवायचे. आठ वर्षं हा परिपाठ चालला होता. तिला त्यात आपलेपणा वाटायचा.

“लवकर आलीस,” ते म्हणाले. “अहवाल गेला?”

“उद्या.” तिनं पिशवी ठेवली, पंखा लावला, बंद केला. “बाबा, आई गेली त्या दिवशीचं पान आज पाहिलं. वहीतलं.”

“काय?”

ती उजव्या बाजूला येऊन बसली. “एकोणीस तारखेचं पान. त्या दिवशी तीनही वेळा पाणी लिहिलंय. आपण दवाखान्यात होतो.”

बाबांनी समोरच्या इमारतीकडे बघितलं. तिथं कुणी चादरी झटकत होतं.

“मागाहून भरलं असेल,” ते म्हणाले.

“आणि पुढची अकरा वर्षं?”

“माझ्या आकड्यांना हात लावायचा नाही,” बाबा एकदम चढ्या आवाजात म्हणाले. “वीस वर्षांत एकही खाडा नाही. साहेब तपासणीला यायचे ते माझी वही दुसऱ्यांना दाखवायचे. आकडे बघून तू मोठी झालीस, पदव्या घेतल्यास, आणि आता मला विचारतेस?”

ती भांडायची तयारी करून आली होती. पण तिनं विचारलं ते भलतंच.

“अकरा तारखेचे सहा पंच्याऐंशी. ते खरं होतं का हो?”

तिला वाटलं ऐकू गेलं नाही, ती पुन्हा विचारणार तेवढ्यात बाबा म्हणाले,

“ते तुझ्या आईनं वाचलंय. त्यात कसली चूक? वरून आठव्या पायरीवर उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात, पट्टीला हात लावून. मी म्हणालो, अगं सात म्हणून लिहितो, ये वर. तर म्हणाली, सात नाहीये, सहा पंच्याऐंशी आहे, पंच्याऐंशीच लिहा.” त्यांनी घसा साफ केला. “तिचं ते असं होतं. पंधरा सेंटिमीटरसाठी उभी राहिली.”

“आणि तुम्ही?”

“मी लिहिलं.”

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होता होईना. बाबा त्या आवाजाकडे लक्ष असल्यासारखे बसले होते.

“ती गेल्यावर मी उतरायला गेलो होतो,” ते म्हणाले. “खोटं नाही सांगत. पाच-सहा पायऱ्या उतरलो. भीती वाटली, ती नेहमीचीच. पण त्यापेक्षा... आपण आता उतरतोय, मग तेव्हा का नाही उतरलो? हे खाली गेल्यावर कुणीतरी विचारेल असं वाटलं. कोण विचारणार होतं? नदी? मी वर आलो. खिडकीतून बघून लिहायला लागलो. अंदाज काही वाईट नव्हता माझा. पाणी फार चढलं की मात्र खिडकी लावून घ्यायचो.” मग जरा थांबून, “घरं मोकळी ठेवायला पाहिजे होती ना?”

“हो,” ती म्हणाली.

“मोकळं घर बघवायचं नाही.”

तिचा राग कुठंतरी होता अजून, पण धरायला गेलं की हाताला लागेना. ती उठली. आतल्या खोलीत, टेबलावर, लॅपटॉप उघडला. अकरा वर्षं निवडली आणि पुसली. बारा हजारांहून जास्त आकडे. पुसायला एक क्षणही लागला नाही. गणित पुन्हा लावलं, आणि ते चालू असताना ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली, पडदा सारखा कर, पुस्तकं सरळ कर. उत्तर आलं ते सरळ होतं, इतकं की तिला स्वतःची लाज वाटली. शांत दशक नव्हतंच कधी. आईची नऊ वर्षं आणि यंत्राची पंचवीस, दोन्ही एकमेकांशेजारी ठेवली की नदी पहिल्यापासून तीच उसळती होती, आणि वर्षागणिक थोडी थोडी वर येत चालली होती. पूररेषा पाऊण मीटरनं चढली. शाळेच्या नव्या जागेवरून गेली, दवाखान्याच्या पायरीवरून गेली, तिसऱ्या गल्लीवरून गेली. तयारीला वेळ आहे असं लिहिलेलं प्रकरण पहिल्यापासून लिहावं लागणार होतं. सर काय म्हणतील, बांधलेल्या पाच प्रतींचं काय होईल, शांत दशकवालीला उद्यापासून लोक कशावरून ओळखतील, हे सगळं तिच्या मनात रांगेनं येत होतं आणि त्यातलं काहीच आता थांबवता येण्यासारखं नव्हतं. तिनं सरांना लिहिलं : उद्या दहाला अहवाल देता येणार नाही. मी नऊला येते आणि समजावून सांगते. ‘शांत दशक’ चुकीचं आहे, चूक माझी आहे. पाठवलं. लगेच फोन वाजायला लागला. तिनं तो उशीखाली ठेवला.

मग कारणाचं घर. नोंदी वगळल्या तर तिथं कारण द्यावंच लागतं. तिनं लिहिलं, ‘प्रत्यक्ष वाचन झालेलं नाही’, आणि खोडलं नाही. त्याच्या शेजारी एक रकाना होता, वाचन करणाऱ्याचं नाव, आणि त्यात पहिल्या वर्षापासून वीस वर्षं खाली सरळ बाबांचं नाव होतं. पहिल्या नऊ वर्षांसमोर तिनं ते काढलं आणि आईचं लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. लिहिताना तिला जाणवलं की हे नाव आपण कधी टाइपच केलेलं नाही. अर्जांमध्ये सगळीकडे बाबांचं लागायचं. दाराशी चाहूल लागली. बाबा भिंतीला धरून आले होते आणि उंबऱ्याबाहेर थांबले होते.

“माझं नाव काढलंस?” त्यांनी विचारलं.

“नऊ वर्षांवरून. पुढं आहे. पुढं कारणही लिहिलंय.”

त्यांनी मान हलवली. ते ओशाळले होते की हलके झाले होते, हे तिला चेहऱ्यावरून कळेना. परत जातील असं तिला वाटलं, पण ते तिथंच, दारातल्या स्टुलावर बसले, तोंड बाहेरच्या खोलीकडे, पाठ तिच्याकडे. तिला त्यांचा फक्त बहिरा कान दिसत होता.

एक काम राहिलं होतं. तिनं अकरा तारीख शोधली. त्या घरात काहीच नव्हतं; वीस वर्षांपूर्वी तिनंच ते मोकळं केलं होतं, आजवर सबंध नोंदीतला एकुलता एक खाडा, तोही तिचाच. तिनं आकडा भरला. भरलेला आकडा एकदा मोठ्यानं म्हणून ताडून बघायची तिची सवय होती, आणि बाबांना ऐकू जावं असं काही तिच्या मनात नव्हतं, तरी आवाज चढला, आणि शेवटी जरा लांबला.

“सहा पंच्याऐंशीऽ!”

स्टुलावरची पाठ ताठ झाली.

“सहा पंच्याऐंशी,” बाबा म्हणाले.

तिचे हात टेबलावर तसेच राहिले. उशीखाली फोन वाजून वाजून थांबला. मग बाबांनी, मान न वळवता, विचारलं,

“लिहिलंस?”

“लिहिलं,” ती म्हणाली.